आत्याला परवाना लागत नाही

कॅनडात मिसिसॉगाला राहणाऱ्या माझ्या आतेभावाने घरच्या तळघरात वाइन करायला घेतली, तेव्हा त्याची रीतसर बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. फोटोत दोन खोकी होती, एक लाल वाइनचं, एक पांढरीचं. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. सदाशिव पेठेतून आत्याचा प्रश्न गेला : ‘पांढरी उपासाला चालते का रे?’

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. द्राक्षं उपासाला चालतात, साखर चालते, पाणी चालतं. घोडं पेंड खातं ते यीस्टपाशी.

हे वाइनचं किट म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेच्या साहित्याचा तयार संच मिळतो ना, अगदी तसं असतं. नंबर घातलेल्या पुड्या, आणि कुठली पुडी कधी सोडायची हे सांगणारी पोथी. फक्त प्रसाद चार ते आठ आठवड्यांनी. जाड पिशवीत आटवलेला द्राक्षरस येतो. तो बादलीत ओतायचा, पाणी घालून 23 लिटर करायचा, बेंटोनाइट नावाची माती कालवायची आणि वर यीस्ट भुरभुरायचं. मग यीस्ट साखर खातं, मद्यार्क करतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून तो वायू ‘गुडुक गुडुक’ करत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत शिरत नाही. भावाने हा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. आत्याने तो दोनदा ऐकला आणि ओव्याचा अर्क सुचवला.

भाऊ इंजिनिअर. रोज सकाळी काचेचा तरंगता काटा रसात सोडून घनता मोजायची आणि एक्सेलमध्ये भरायची. सुरुवातीला 1.090, मग उतरत उतरत 1.000च्याही खाली. साखर संपली आणि पाण्याहून हलका मद्यार्क तयार झाला, एवढंच तो काटा सांगतो. पण आलेख असा काही काढला होता की बँकेने कर्ज दिलं असतं. लाल आणि पांढरीत फरक काय, हेही त्याने समजावलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रससुद्धा जवळजवळ बिनरंगीच असतो, रंग सालीत. सालीसकट आंबवलं तर लाल, आधीच रस पिळून घेतला तर पांढरी. आत्या म्हणाली, ‘म्हणजे पांढरी सोललेली.’ इतक्या कमी शब्दांत हे कुणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

खरा तंटा शेवटच्या पुडीवरून झाला. वाइन तयार झाली की गढूळ असते. ती निवळायला काहीतरी घालावं लागतं. ते काहीतरी म्हणजे माशाच्या पोटातल्या फुग्यापासून काढलेलं आयसिंग्लास, नाहीतर कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेलं कायटोसान. मुलगा तळघरात साठ बाटल्या दारू करतोय यावर चकार शब्द न काढलेल्या आत्याने त्या दिवशी सरळ व्हिडिओ कॉल लावला. ‘द्राक्षाच्या रसात मासा?’ तो म्हणाला, ‘आई, तो गाळाबरोबर खाली बसतो, वाइनमध्ये राहत नाही.’ आत्या म्हणाली, ‘शिंक्याखालून मांजर गेलं तरी आपण दूध झाकतो.’ शेवटी ती पुडी तशीच ठेवून नुसत्या मातीवर आणि जास्तीच्या दोन आठवड्यांवर काम भागलं.

कॅम्पातल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या आईला हे सांगितलं तर ती हसली. नाताळची वाइन निवळायला तिच्याकडे अंड्याचा पांढरा बलक. बाकी कृती अशी : बिया असलेली काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू, यीस्ट, दालचिनी-लवंग. चिनी मातीची बरणी, तोंडाला मलमल, रोज लाकडी डावाने एकदा ढवळायचं, एकवीस दिवसांनी गाळायचं आणि रंग हवा तर साखर जाळून घालायची. बरणी पलंगाखाली. घनता मोजायचं काम जिभेचं.

इकडे किट मागवून बघू, असं मलाही वाटलं होतं. पण मुंबई दारूबंदी अधिनियम, 1949 नाव बदलून आजही जागा आहे. या राज्यात दारू गाळायची तर परवाना, ठेवायची तर परवाना, प्यायची तरी परवाना. तो एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. वाचनालयाचं आजन्म सभासदत्व मिरवणाऱ्या माणसांना हा दुसरा प्रकार ठाऊकच नसतो. मौज अशी, की याच राज्याने 2001 मध्ये वाइन उद्योगासाठी खास धोरण आणलं. त्याच्या कितीतरी आधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फेसाळती वाइन करून ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात पाठवली होती. तमाशाची पंढरी ती. खय्यामला परकं वाटायचं कारण नव्हतं. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. आणि जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवू द्यायचं मंत्रिमंडळाने ठरवलं, तेव्हा वाइन ही दारू की नव्हे यावर असा गदारोळ झाला की बाटली काही किराण्यापर्यंत पोचली नाही.

अमेरिकेने दारूबंदीत यातून फार सभ्य वाट काढली होती. 1920 नंतर तिथे आटवलेल्या द्राक्षरसाच्या विटा मिळत. सोबत इशारा असे, की ही वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका, नाहीतर तिची वाइन होईल. पाट्या लिहिण्यात हयात घालवलेल्या आमच्या पेठांनाही एवढी कामाची पाटी साधलेली नाही.

आणि आत्या? जेवण झालं की ती फडताळातली तपकिरी बाटली काढते, दोन चमचे द्राक्षासव, तेवढंच पाणी. मनुका, साखर, मध, लवंग, जायफळ, पिंपळी आणि आंबवण्यासाठी धायटीची फुलं. भांड्याचं तोंड लिंपून महिनाभर ठेवायचं. पूर्वी ते धान्याच्या राशीत पुरत, म्हणजे ऊब सारखी राहते. लेबलावर बारीक अक्षरांत स्वयंजनित मद्यार्काची नोंद असते. तो पाच ते दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे बिअरच्या वरताण. मी एकदा ते तिला चष्मा लावून वाचायला दिलं. तिने वाचलं, बूच घट्ट लावलं आणि म्हणाली, ‘औषध आहे. भूक लागते.’

दिवाळीला भाऊ आला तो दोन्ही रंगांची एकेक बाटली घेऊन. आत्याने आपला औषधाचा चमचा धुऊन आणला. आधी पांढरी घेतली, मग लाल. मग बराच वेळ काही बोलली नाही, तेव्हा भावाने एक्सेल उघडायला घेतलं.

‘आंबट आहे,’ ती म्हणाली, ‘साखर सगळी त्या यीस्टलाच खाऊ घातलीस. परत जाताना धायटीची फुलं घेऊन जा, मंडईजवळ मिळतात. आणि लालमध्ये जायफळ घाल थोडं.’