कॅलेंडरातला फिका जांभळा

न्यूझीलंडमधल्या टौरंगात डब्यांचा धंदा करणाऱ्या बाईला भेटेल तो एकच सल्ला देतो: ‘अगं, स्वतःसाठी वेळ काढ!’ सल्ला देणारा बहुधा डबा न्यायला आलेला असतो आणि ‘आज दोन पोळ्या जास्त घाल’ हे त्याच दमात सांगतो.

वेळ काढायला जागा तरी झकास आहे. २३२ मीटर उंचीचा माउआओ डोंगर, पायथ्याने समुद्राला खेटून जाणारी वाट, पाऊण-एक तासात फेरी पुरी. मग कॅलेंडरात ‘जीएसटी रिटर्न’ आणि ‘कणीक संपली’ यांच्या मधोमध ‘स्वतः’ अशी नोंद होते. तिला रंगसुद्धा वेगळा, फिका जांभळा.

फेरीला निघालं की कानात फोन. इथल्या हिवाळ्यात भारत साडेसहा तास मागे. इथे दुपारचे साडेचार म्हणजे पुण्यात सकाळचे दहा. सासूबाई पूजा आटोपून अगदी मोकळ्या. डोंगराला वळसा पडतो, बोलणं मात्र गुडघ्यावरून पुढे सरकत नाही. किवीच्या हंगामात ‘ते पुके’ गावच्या पॅकहाउसांत रात्रपाळ्या लागल्या, की त्या जांभळ्यावर चाळीस डब्यांची ऑर्डर येऊन बसते.

शेजारच्या प्लंबरला हा सल्ला कुणी देत नाही. तो शुक्रवारी दुपारीच गाडीला होडी जोडून मासे धरायला जातो. फोन केला तर ‘सोमवारी बोलू’ एवढंच ऐकू येतं. गिऱ्हाईक गळक्या नळाखाली बादली लावतं आणि सोमवारी फोन करतं.