मुलीचा ताप, बापाचं पाप

वसईत वाईट कॅथलिक होणं फार सोपं असतं. रविवारी सकाळी एकामागून एक मिस्सा असतात. घरी कुणी विचारलं तर सातच्या मिस्सेला गेलो होतो म्हणायचं, आणि सातला गेलेलं कुणी भेटलं तर साडेआठच्या. चर्चच्या मागच्या दाराशी अर्धं आत, अर्धं बाहेर उभं राहायचं आणि प्रवचन सुरू झालं की पूर्ण बाहेर, ही आमच्याकडच्या पुरुषांची जुनी परंपरा आहे. मी तिचा निष्ठावंत पाईक होतो.

मग बँकेनं माझी धाराशिव जिल्ह्यात बदली केली.

1977 साली अमरावतीतून वेगळा झालेला औरंगाबादचा धर्मप्रांत म्हणजे जवळजवळ सगळा मराठवाडा. नकाशात ऐसपैस, माणसं मोजकी. आमच्या तालुक्याच्या गावी मिस्सा शाळेच्या हॉलमध्ये होते आणि हॉलही भरत नाही. चार सिस्टर्स, दोन केरळी नर्सबाई, काही शिक्षक आणि आम्ही. मागं उभं राहावं तर मागं कुणीच नसतं. पहिल्याच रविवारी फादरांनी मला हेरलं. दुसऱ्या रविवारी दुसरं वाचन माझ्याकडे आलं, पुढं दानपेटी आली आणि गावात कुणाचं मूल बाप्तिस्म्याला आलं की धर्मपिता ठरलेलाच. संत पौलाची लांबलचक वाक्यं वाचताना श्वास कुठं घ्यायचा, हे मला अजून जमलेलं नाही.

बँकेत मात्र मला या धर्माचा फायदाच झाला. जानेवारी 2020मध्ये 93वं साहित्य संमेलन धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलं आणि अध्यक्ष झाले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईकर आणि ख्रिस्ती म्हटल्यावर मी त्यांचा घरचाच माणूस, असं शाखेनं परस्पर ठरवलं. आमचा शिपाई हळूच म्हणाला, "साहेब, मेहुण्याच्या चार कविता हायेत. फादरांना सांगून कविसंमेलनात घुसवता येतंय का बघा की." मी "बघतो" म्हणालो. दिब्रिटो ज्याचे अनेक वर्षं संपादक होते तो 'सुवार्ता' आमच्या घरी नेमानं यायचा आणि मी तो तितक्याच नेमानं न उघडता ठेवायचो, हे काही मी शिपायाला सांगितलं नाही.

पुढं मुलीचं पहिलं कम्युनियन आलं. साधारण सातव्या वर्षी मुलाला बरंवाईट कळू लागतं, म्हणून त्याला तेव्हापासून ख्रिस्तप्रसाद द्यावा, असं 1910 साली पोप दहाव्या पायसांच्या काळात ठरलं. सातव्या वर्षी बापाला काय कळतं, याबद्दल हुकुमात काही नाही. धर्मशिक्षणाच्या सिस्टर मात्र ठाम होत्या. "मुलं पापनिवेदन करणार, तर आईवडिलांनी नको का करायला?" बायकोनं माझ्याकडे पाहिलं. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं हा नियम 1215च्या लॅटरन परिषदेपासूनचा आहे. माझी थकबाकी, बँकेच्या भाषेत, कधीच अनुत्पादक झाली होती.

इथं वसईसारखी जाळीची लाकडी पेटी नाही. सहावीचा वर्ग, समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि फादरांच्या गळ्यात जांभळा पट्टा. त्यांच्या मागं फळ्याच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीचा खडू तसाच राहिलेला: पट 41, हजर 38. मी घरून मोघम पापं तयार करून नेली होती. रागावलो, आळस केला, प्रार्थनेत लक्ष नव्हतं, असली. पण आठव्या आज्ञेपाशी येऊन "खोटं बोललो" म्हणताना नजर त्या फळ्यावर गेली आणि जीभ घसरली. चुलतभावाच्या लग्नासाठी आठवडाभर विरारला गेलो होतो आणि 'मुलीस ताप असल्याने' असा अर्ज शाळेत दिला होता, हे मी सांगून टाकलं. सांगून झाल्यावर लक्षात आलं, की अर्ज ज्यांच्या नावानं लिहिला होता ते मुख्याध्यापक समोरच बसले होते, जांभळा पट्टा घालून.

त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पापमुक्ती दिली, वर जपमाळेचं एक दशक. घरी येऊन मी घाईघाईनं धर्मकायदा चाळला. 1983च्या संहितेचं कलम 985 सांगतं, की शिक्षणसंस्थेच्या प्रमुखानं तिथं राहणाऱ्या विद्यार्थ्यांची पापनिवेदनं सहसा ऐकू नयेत. पालकांबद्दल चकार शब्द नाही. कलम 983 मात्र दिलासा देणारं निघालं. कन्फेशनमधली गोष्ट फादर कुणालाही, कशानंही, कळू देऊ शकत नाहीत. राणीचं पापनिवेदन सांगायला नकार दिला म्हणून नेपोमुकच्या योहानाला 1393 साली प्राग शहरातल्या नदीत बुडवलं, अशी परंपरागत कथा आहे. एवढा माणूस बुडाला, तर माझा अर्ज काय चीज! मी निर्धास्त झालो.

पुढच्याच आठवड्यात पालकसभा होती. टेबलाच्या एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला वर्गशिक्षिका, मध्ये हजेरीपट. मॅडम गावातल्याच, अतिशय मायाळू. त्यांनी रजेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"जानेवारीत आठवडाभर ताप होता ना हिला? टायफॉइड तर नव्हता? सध्या लई साथ आहे. मी तर तुळजापूरला गेले तेव्हा आईपुढं हिच्यासाठी हात जोडले."

फादरांना एकाएकी पंख्याची पाती मोजावीशी वाटली. खरं सांगावं तर मॅडमचे जोडलेले हात वाया, खोटं सांगावं तर ज्या माणसानं आठवड्यापूर्वी हे पाप पुसलं त्याच्याच देखत पुन्हा तेच.

"साधाच होता," मी म्हणालो. "उतरला लगेच."

शेजारी उभी असलेली मुलगी, नुकतीच दहाच्या दहा आज्ञा पाठ केलेली, माझ्याकडे बघून म्हणाली, "पप्पा, आठवी!"

मॅडमना वाटलं, ती वरच्या वर्गाबद्दल काही विचारते आहे. त्या हसून म्हणाल्या, "अगं, आधी तिसरीत तर जा." फादरांना जोराचा ठसका लागला आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले. शनिवारी पापनिवेदन किती वाजता असतं, हे मी त्यांच्यामागून जाऊन विचारणार होतो. पण मॅडमनी तेवढ्यात फॉर्म पुढं केला. "आजारपणाची रजा आहे ना, मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट तेवढं जोडून टाका."