लाथ, पट्टा आणि प्रावरणी

आमच्या लहानपणी पाठीत उसण भरली की आळीतला पायाळू शोधायचे. जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर काढले, एवढीच त्याची पदवी. तो दुखऱ्या जागी अलगद लाथ मारायचा आणि फी म्हणून कपभर चहा घ्यायचा. गुण यायचा की नाही, देव जाणे. पण लाथ बसायची ती नेमकी दुखतं तिथेच.

माझी कंबर गेले चार महिने धरली आहे. तज्ज्ञांकडे गेलो. सव्वा तास बाकावर, सात मिनिटं आत. त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरली. मी म्हणालो, "इथे दुखतं." ते फिल्मकडेच बघत म्हणाले, "नाही, इथे दुखायला हवं." बोट फिल्मवर टेकलं, पाठीवर नाही. मग गोळ्या, पट्टा आणि दहा दिवस मशीन. मशीनच्या खोलीत एका मुलीने माझ्या पाठीला चार तारा चिकटवल्या, वीस मिनिटांचा गजर लावला आणि ती पुढच्या खाटेकडे पळाली. शिकली होती हात चालवायला, नोकरी लागली बटणं दाबायची.

आता घरात दोन कमरपट्टे आहेत. बायकोचा बँकेच्या लॉकरमध्ये, माझा दाराआडच्या खुंटीला. दोन्ही वापरात नाहीत आणि दोन्ही टाकवत नाहीत.

माझ्या पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचंही मत आहे. 2020 साली जगात 61.9 कोटी लोकांची कंबर दुखत होती. तीन महिन्यांहून जुन्या आणि ठरावीक कारण न सापडणाऱ्या कंबरदुखीसाठी संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शिका काढली. सरसकट देऊ नका, या यादीत पट्टा आहे, वजनं लावणं आहे, अल्ट्रासाउंडचा शेक आहे आणि त्या तारांचं यंत्रही आहे. देता येईल, या यादीत रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम आणि मालिश. म्हणजे पहिल्या यादीतलं बरंचसं मला मिळालं, तेही पावतीसकट!

दुसऱ्या यादीच्या शोधात मी एका वेलनेस सेंटरात गेलो. मंद दिवे, बासरी, गवती चहा. थेरपिस्ट तरुण होता. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "सर, तुमचा फॅशिया चिकटलाय."

फॅशिया म्हणजे आपल्या परिभाषाकोशातली प्रावरणी. मटण साफ करताना खाटीक जो पांढरा पापुद्रा सुरीने सोलून काढतो, तीच. स्नायूंना, नसांना, आतड्यांना गुंडाळणारी, डोक्यापासून तळपायापर्यंत पसरलेली. शरीररचना शिकवणारेही शतकानुशतकं खाटकासारखंच वागले: स्नायू नीट दिसावा म्हणून ती सोलायची आणि बादलीत टाकायची. मग 2007 साली बोस्टनला हार्वर्डमध्ये तिच्यावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि बादलीतली बाई व्यासपीठावर आली. ती नुसतं वेष्टण नाही, तिच्यात मज्जातंतूंचं दाट जाळं आहे, विशेषतः कमरेवरच्या पडद्यात, हे आता मान्य झालं आहे.

इथवर शास्त्र. पुढे पॅकेज. अमेरिकेच्या आयडा रॉल्फ यांनी 1920 साली कोलंबिया विद्यापीठातून जैवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कोपराने अंग रगडण्याची दहा बैठकांची पद्धत रूढ केली. आमच्याकडच्या पॅकेजातही बैठका दहाच. "सर, जुना राग डाव्या खांद्याच्या फॅशियात साठलाय, तो मोकळा करू," असंही सांगितलं गेलं. राग होता, पण तो बिल बघून, आणि खांद्यात नव्हे.

गंमत अशी की मांडीची आणि तळपायाची जाड प्रावरणी हाताने एक टक्का दाबायची तरी माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल, असं 2008 साली काही संशोधकांनी गणित मांडून दाखवलं. मग मला बरं का वाटलं? कारण वाटलं, हे खोटं कसं सांगू? तासभर कुणीतरी फोन न घेता, घड्याळ न बघता, दुखतं तिथे हात ठेवला. त्या दाबाने मज्जासंस्था शांतावते, आखडलेलं अंग सैल पडतं. फॅशिया सुटला नसेल; मी सुटलो.

पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा गेला, तापासोबत कंबर धरली, तर मात्र मालिश नको, थेट इस्पितळ गाठा. तिथे फिल्मच लागते. बाकीच्यांना आधी तपासणारा हात हवा आणि मग चोळणारा. आपल्याकडे तपासणाऱ्याने हात काढून घेतला आणि चोळणाऱ्याने त्याची भाषा उचलली. इस्पितळात माणूस मजल्यांवर वाटलेला: दुसऱ्यावर हाडं, चौथ्यावर मन. खाली जोडून देतात त्याला होलिस्टिक म्हणतात, जीएसटी वेगळा.

आमच्या सोसायटीत एका बाळंतिणीला मालिश करायला मावशी येतात. बाळाला रगडता रगडता त्या आईची झोप, दूध, जेवण आणि सासू, सगळ्याची चौकशी करतात. त्यांना फॅशिया ठाऊक नाही, आणि वॉचमन त्यांना मुख्य लिफ्टने जाऊ देत नाही.

परवा मी पॅकेजच्या सहाव्या बैठकीला निघालो होतो. जिन्यात त्या भेटल्या. तेलाची बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "काका, वाकून का चालताय? कुठं दुखतंय?"

मी सवयीने फाइल उघडायला लागलो.