जोडीने मिरवणारी बूट ड्राइव्ह

घरच्या सर्व्हरवर ट्रूनॅस हा स्टोरेजचा ओएस बसवायचा तर बूट ड्राइव्हला १६ जीबी पुरतात. म्हणून हौशी माणूस ५०० जीबीची एनव्हीएमई आणतो. तीही मिररसाठी जोडीने. उरलेल्या जागेत लग्नाचे फोटो ठेवू म्हणावं, तर ट्रूनॅस अख्खी ड्राइव्ह अडवून बसतो. काटकसरी मंडळी कपाटातला जुना पेनड्राइव्ह लावतात. सततच्या लिखाणाने तो मान टाकतो आणि घरात सुतक! वास्तविक डेटाचा पूल दुसऱ्या डिस्कांवर शाबूत असतो. नव्या ड्राइव्हवर इन्स्टॉल करून जुनी कॉन्फिग फाइल चढवली की झालं. ती फाइल मात्र कुणी उतरवलेलीच नसते; फुकट मिळते ना! सेटिंग बदललंत की ती आधी लॅपटॉपवर घ्या, मग मिररचं बघू.