हळदीचा बेस

तळा गावात हळद लागली की नवऱ्याच्या आधी शेजाऱ्यांचे पत्रे नाचतात. श्रेय अर्थातच 18 इंची सबवूफरचं.

डीजेवाल्याला वॉट विचारा, उत्तर हजारांत येतं. पेटीत किती लिटर हवा मावते हे विचारा, तो आभाळाकडे बघतो. खरा बेस ठरतो तो तिथेच: पेटीचं घनफळ, पोर्टची लांबी, प्लाय 18 मिलिमीटरचा की कुणाच्या कपाटातून उरलेला. पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय, तिच्या खालचा सूर आला की कोन मोकाट सुटतो, फडफडतो, आणि पोरं म्हणतात, "भारी वाजतोय!" मग अँप आणखी मोठा. वॉट दुप्पट केले की वाढतात जेमतेम 3 डेसिबल; जनरेटरचं डिझेल मात्र इतकं काटकसरी नसतं. अँप कमी पडला तर आवाज कापला जातो, कॉइल जळते आणि तो वास हळदीच्या वासात मिसळतो.

कायदाही मोठा समजूतदार. 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. पण मोजायचे 'ए' वेटिंगने, म्हणजे 50 हर्ट्झच्या घुमण्यातून मीटर सुमारे 30 डेसिबल आधीच वजा करून टाकतो. कागदावर शांतता, छातीत ढोल.

आपला खालूबाजा बिचारा अडाणी. सनई फुंकायची, ढोल बडवायचा, प्लाय नाही, पोर्ट नाही. दमले की माणसं थांबतात, चहा पितात. जनरेटरला चहा चालत नाही. मांडणीवरची पितळी भांडी तेवढी 'ए' वेटिंग न मानता पहाटेपर्यंत किणकिणत राहतात, आणि यंदा म्हणे 21 इंची येतोय.