रविवारचे साडेपाच

"काय हो वहिनी, रविवारी पहाटे तुमच्याकडे कोण किंचाळत होतं? मला वाटलं, चोर शिरला!"

"चोर कसला, आमचे चिरंजीव. टोरंटोनं गोल केला म्हणे."

खोपटच्या डेपोतून एसट्या निघायला लागल्या की कंपाउंडच्या भिंतीपाशी आमचं सुरू होतं. वहिनींनी केराची बादली खाली ठेवली. म्हणजे विषय मोठा होता.

"शिकायला टोरंटोला होता ना, तिथून डिग्रीबरोबर हे खूळ आणलं. बर्फावरची हॉकी. चेंडूच नाही, काळी रबरी चकती. मला मेली दिसतसुद्धा नाही. हा ओरडला की समजायचं, गोल झाला."

"आणि त्याचं ते पळणं?"

"तीच तर भानगड! जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी. रविवारी लांबचं पळायचं, साडेपाचला सगळा ग्रुप उपवनला जमतो, मग येऊरचा चढ. आणि हॉकीचा मोठा दिवस कुठला, तर तिकडचा शनिवार. संध्याकाळी सातची मॅच, म्हणजे थंडीत आपल्याकडे बरोब्बर रविवारचे साडेपाच!"

"मग करतो काय?"

"वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, मधे अठरा मिनिटांची दोन मध्यंतरं. तेवढ्यात हा नितीन कंपनीच्या नाक्यापर्यंत धावत जाऊन येतो. घामानं निथळत पुन्हा टीव्हीसमोर, माझ्या धुतलेल्या अभ्र्यांवर! ग्रुपवाले त्याला 'मध्यंतर' म्हणूनच हाक मारतात."

मला हसू आवरेना. "एवढं करून जिंकतात तरी का ते?"

"शेवटचा कप 1967 साली."

"अगं बाई! शिवसेनेनं ठाण्याची नगरपालिका घेतली ते साल!"

"तेव्हापासून नुसती आशा."

"मग आपल्या मुलींची हॉकी बघ म्हणावं. 2025 मध्ये आशिया चषकात ब्राँझ आणलं त्यांनी. पेपरात वाचलं मी, बहुतेक लडाखच्याच आहेत."

"त्याचाही तोच जप. लेहला सप्टेंबरात मॅरेथॉन, थंडीत हॉकी, दोन्ही एकाच गावात. तिकडेच राहायला जातो म्हणतो. म्हटलं, बाबा, साडेअकरा हजार फुटांवर आहे ते, तुला येऊर चढताना धाप लागते."

एवढ्यात त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. माझा कान आपोआप भिंतीवरून पुढे गेला.

"पाचपाखाडीचं स्थळ आलंय. मुलगी पळते."

"मग जमलंच की!"

"ती म्हणाली, पळायला येईन, पण मॅचला उठवायचं नाही. याला ते कबूल. अडलंय मुहूर्तावर. तुळशीचं लग्न झालं की याचं ट्रेनिंग ऐन भरात, जानेवारीत मॅरेथॉन, एप्रिल ते जून हॉकीचे प्लेऑफ. गुरुजींना म्हणतो, फेब्रुवारी-मार्चातलाच काढा."

"गुरुजी काय म्हणाले?"

"म्हणाले, पत्रिका असू द्या, आधी मॅचचं टाइमटेबल पाठवा."