कोरी बाजू

पर्यावरणाच्या प्रकल्पाची सूचना फलकावर लागली आहे. किमान ४० पाने, स्वहस्ताक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला. वर पारदर्शक प्लास्टिकचे कव्हर, स्पायरल बाइंडिंग. विषय : 'वृक्षतोड : कारणे व उपाय'. शेवटची तारीख शनिवार, त्यानंतर विलंब शुल्क.

शनिवारी कोणीच काही देत नाही. मग 'अंतिम मुदत' येते, मग 'अंतिम मुदतवाढ', मग डिफॉल्टर यादी. यादीत नाव दिसले की विद्यार्थ्याला पर्यावरणाची खरी काळजी वाटू लागते.

माझा जीव मात्र त्या दुसऱ्या बाजूत अडकला आहे. ती कोरी का ठेवायची? क्लार्कला विचारा, विभागप्रमुखांना विचारा, 'तशी पद्धत आहे' एवढेच कळते. शाई मागे फुटते म्हणावे, तर दौत-टाक जाऊन जमाना झाला. शेऱ्यासाठी जागा म्हणावे, तर शेरा असतोच कुठे? पहिल्या पानावर एक सही, बाकीच्यांवर लाल पेनाने ओढलेली तिरकी रेघ. १०० मुलांचा वर्ग धरा. ४,००० कागद झाले, म्हणजे आठ रिम. दोन्ही बाजूंनी लिहिले असते तर चारात भागले असते. उरलेले चार रिम आपण झाडे तोडू नयेत हे सांगण्यासाठी कोरे ठेवले. वृक्षतोडीची कारणे शोधायला पोरांनी जंगलात जायची गरज नाही, पान उलटले तरी पुरे. कव्हराचे तर विचारूच नका. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तेव्हापासून 'प्लास्टिकचा भस्मासुर' हाही विषय मिळतो. तोसुद्धा प्लास्टिकच्या कव्हरातच द्यायचा असतो.

मदत कुठे मिळेल? कॉलेजात प्रत्येकाला एक मेंटॉर असतो. तो यादीत असतो. खरी मदत गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे.

"पर्यावरण आहे का?"

"वृक्षतोड, पाणी की कचरा? लिहून पाहिजे की बघून लिहिणार? मुलीचं अक्षर हवं असेल तर पानामागे दोन रुपये जादा."

सगळ्यांची मूळ फाइल एकच. कुणा जुन्या हुशार मुलीची. तिने एका ठिकाणी 'वनमहोत्सव'चे 'मनमहोत्सव' केले, ते आजतागायत साजरे होत आहे.

आणि कोणाच्या लक्षात येणार? तपासायचे तासिका तत्त्वावरच्या मॅडमनी. वर्गात उभे राहिले तरच पैसे, तेही महिनोन्महिने थकलेले. तपासणी कुठल्याच तासात धरत नाहीत. त्यांनी ४,००० पाने वाचायची कशाच्या बळावर? कायम जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत, कोणी वाचणार नाही हे ठाऊक असताना पोरांकडून पानेच्या पाने लिहून घ्यायची, ती वर्षभराने रद्दीत घालायची, आणि वर वाङ्मयचौर्यावर एकदिवसीय कार्यशाळा भरवायची! नोंदणी शुल्क घेऊन! प्रमाणपत्र देऊन! पोरांना कॉपीबहाद्दर म्हणणाऱ्यांनी त्या गठ्ठ्यातले एक, फक्त एक पान मोठ्याने वाचून दाखवावे.

झेरॉक्सवाल्याकडे निदान तोंडी परीक्षेचीही सोय आहे.

"काका, व्हायवाला काय विचारतात?"

"'स्वतः केलंस का?' एवढंच. 'हो मॅडम' म्हणायचं. त्याचे पैसे नाही घेत मी."